दिवाळीत गुहागरला होमस्टे, आजच पूर्ण पैसे भरा म्हणतायत. भरू का?

डोंबिवलीची_माई

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय कारण त्या माणसाने संध्याकाळी सातपर्यंतची मुदत दिलीये.

भाऊबीज झाली की आम्ही नऊ जण गुहागरला जायचं म्हणतोय. सासूबाई-सासरे आहेत, नणंदेचं बिऱ्हाड पुण्याहून येणार, म्हणजे तीन रूम तरी हव्यात. ओळखीच्या दोन घरी फोन केला, दोन्हीकडे फुल. मग इन्स्टावर एक पेज सापडलं, समुद्राला लागून, एसी रूम, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून रूमला १,८०० रुपये. तीन रूम दोन रात्री म्हणजे १०,८००. आधी अर्धे म्हणजे ५,४०० ॲडव्हान्स म्हणाला, मी म्हटलं घरी विचारून सांगते, तर तासाभरात परत मेसेज की आज पूर्ण भरलेत तर वीस टक्के सूट, ८,६४० मध्ये काम होईल, नाहीतर दुसरी पार्टी थांबलीये.

माझं घोडं कुठे अडलंय सांगते. मी न मागता त्याने आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले, जीएसटीचं सर्टिफिकेट पाठवलं, मॅपची लिंक पाठवली ज्यावर ४.८ रेटिंग आहे. मग क्यूआर आला, वर मोठ्या अक्षरात रिसॉर्टचं नाव पण स्कॅन केलं तर भलत्याच माणसाचं नाव दिसतंय. विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं खातं आहे. फोन उचलत नाही, रेंज नाही म्हणतो, पण व्हॉट्सॲपवर उत्तर मिनिटाच्या आत. आणि सगळं हिंदीतून.

मी कां कू करतेय तर नवरा म्हणतो गेल्या वर्षी आंजर्ल्याला आपण त्या काकूंच्या मुलाच्या खात्यावर पैसे पाठवले होते की, तेव्हा कुठे पावती न् सर्टिफिकेट बघितलंस? आणि ते खरंच आहे हो! नेटवर सगळे सांगतात अधिकृत वेबसाइटवरूनच बुक करा, पण कोकणात अर्ध्या घरांना वेबसाइटच नाही, वहीत नाव लिहून घेतात. मग खरं कोण आणि खोटं कोण ओळखायचं कसं? नणंद सारखी फोन करतेय भर भर म्हणून.

चिपळूणचा_पाहुणा

थांबा. सात वाजू देत, आठ वाजू देत, दुसरी पार्टी येऊ दे नाहीतर तिसरी येऊ दे, काही भरू नका.

दोन गोष्टी बघून सांगा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे कोणते आहेत? आणि त्या पेजवर समुद्राचे जे व्हिडिओ आहेत त्यात सूर्य कुठे आहे?

डोंबिवलीची_माई

पहिले दोन आकडे ०८. आणि सूर्याचं काय ते कळलं नाही, पण एक रील आहे, बाल्कनीत चहाचा कप आणि समोर समुद्रातून सूर्य वर येतोय, खाली लिहिलंय मॉर्निंग व्ह्यू.

चिपळूणचा_पाहुणा

झालं तर मग. ताई, गुहागरला सूर्य समुद्रात बुडतो. सकाळी उगवतो तो मागच्या डोंगराकडून, माडांच्या वरून. समुद्रातून सूर्योदय बघायचा तर विशाखापट्टणमला जा, नाहीतर पुरीला. तो व्हिडिओ कुठून उचललाय देव जाणे.

आणि जीएसटीचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्याचा कोड. महाराष्ट्र २७. ०८ राजस्थान. जीएसटीच्या सरकारी साइटवर लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतो, धंद्याचं नाव, पत्ता सगळं दिसतं. बहुतेक कुठल्यातरी बिचाऱ्या दुकानदाराचं सर्टिफिकेट निघेल.

अजून मन घेत नसेल तर त्याला एवढंच विचारा, आम्ही दापोलीकडून येणार, फेरीबोटीने उतरलो की तिथून तुमच्याकडे यायला किती वेळ? गुहागरात घर असलेला माणूस तोंडातून धोपावे (गुहागरच्या बाजूचा फेरीचा धक्का) काढल्याशिवाय राहणार नाही, वर शेवटची बोट चुकवू नका असंही सांगेल. हा म्हणेल सर लोकेशन भेज रहा हूँ.

गाडी_काढा_आणि_निघा

एवढा विचार कशाला करता राव. कोकणात कोण बुकिंग करून जातं? आम्ही वीस वर्षं गाडी काढतो आणि जातो, देवळापाशी विचारलं की कुठे ना कुठे खोली मिळतेच. ॲडव्हान्सच दिला नाही तर बुडणार काय?

डोंबिवलीची_माई

दादा तुमचं खरं असेल पण सासऱ्यांचे गुडघे गेलेत आणि दिवाळीच्या गर्दीत नऊ माणसं घेऊन रात्री दारोदार खोली विचारत फिरायचं म्हणजे घरी परत आल्यावर मला कोण बोलेल ते मला माहितीये.

पालशेतची_वहिनी

मी एरवी फक्त वाचते, पण हा धागा बघून लिहावंसं वाटलं. आमचं पालशेतला घर आहे, खाली आम्ही राहतो, वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो.

माईताई, तुमच्या मिस्टरांचा मुद्दा बरोबर आहे आणि तिथेच सगळी मेख आहे. आमच्याकडे वेबसाइट नाही. जीएसटी नंबर नाही, कारण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तो घ्यावाच लागत नाही आणि आमची त्याच्या आसपास पण जात नाही. पैसे ह्यांच्या खात्यावर येतात. पावती म्हणजे व्हॉट्सॲपवर "मिळाले, या" एवढंच. आणि जो फसवायला बसलाय त्याच्याकडे बघा, आधार आहे, जीएसटी आहे, लेटरहेड आहे, शिक्का आहे. कागद त्याच्याकडे आमच्यापेक्षा जास्त. कुठला घरमालक अनोळखी माणसाला स्वतःचं आधार कार्ड न मागता पाठवेल? आम्ही उलट तुमचं मागतो, रजिस्टरला लिहायला.

दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, लाईट गेलेली, कुत्रा भुंकायला लागला म्हणून हे बॅटरी घेऊन बाहेर गेले तर बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या फाटकापाशी, एक गाडी. कोल्हापूरकडचे लोक, दोन लहान मुलं झोपलेली, एक आजी. म्हणाले आमचं बुकिंग आहे. मी म्हटलं आमच्याकडे आज दुसरे पाहुणे आहेत, तुमचं नाव नाही वहीत. तर त्या बाईने मोबाईल पुढे केला. फोटोत आमचाच झोपाळा! ओटीवरचा, एक कडी नवीन आणि एक गंजलेली, मागे माझ्या सासूबाईंचं लुगडं वाळत घातलेलं. मॅपवर कुणा पाहुण्याने टाकलेले फोटो उचलून त्या माणसाने स्वतःचं पेज बनवलं होतं, नंबर त्याचा, पैसे त्याला. नऊ हजार गेले होते त्यांचे. ती आजी काही न बोलता पायरीवर बसून राहिली. काय करणार, ओटीवर गाद्या घातल्या, पिठलं भात केला. सकाळी ते गृहस्थ पैसे देत होते, ह्यांनी घेतले नाहीत. पण ह्याच्यापुढे प्रत्येकाला असं ओटीवर घेता येणार आहे का आम्हाला? आणि वर मॅपवर कुणीतरी आम्हालाच एक स्टार देऊन गेलं, "फ्रॉड" म्हणून. ते काढायला नाकीनऊ आले.

म्हणून आता सांगते, फोन करा, आणि फोनवर नाही तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हणा. आत्ता. रेंज नाही म्हणाला तर संध्याकाळी रेंजमध्ये जाऊन दाखवेल, खरा असेल तर. ओटी दाखव, विहीर दाखव, रस्त्यावरून घराकडे चालत ये. मी स्वतः दहा वेळा दाखवलंय, केस बांधायला वेळ मिळत नाही पण दाखवते. गावातल्या दुसऱ्या कुणाला विचारा, मॅपवर जवळचं किराणा दुकान किंवा खानावळ शोधायची आणि फोन लावायचा, अमुक अमुक घरी खोल्या देतात का हो? कोकणात कोण काय देतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, दोन शिव्या घालतील पण सांगतील. ॲडव्हान्स आम्ही तर एका रात्रीचं भाडं पण घेत नाही पूर्ण, हजार-पाचशे घेतो, कारण काही लोक बुकिंग करून न कळवता दांडी मारतात आणि मासे फुकट जातात. पूर्ण पैसे आधी द्या आणि त्याच्यावर सूट, हे घरगुतीवाल्याकडून मी तरी ऐकलेलं नाही, आणि ते पण दिवाळीत! दिवाळीत सूट कशाला देईल कोण, आम्ही उलट दोनशे वाढवतो (खरं ते सांगितलं).

फसतो आम्ही पण बरं का. एकदा फोन आला, आर्मीमधून बोलतोय, पंधरा जवानांचं जेवण आणि मुक्काम. कार्डाचा फोटो, युनिफॉर्ममधला फोटो. म्हणे आर्मीचं पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं, मी क्यूआर पाठवतो तो तुम्ही स्कॅन करा, तुमच्या खात्यात येतील. ह्यांनी स्कॅन केला, पिन टाकला, साडेनऊ हजार गेले. येतील कुठले. पंधरा जणांची सुरमई आणून ठेवली होती, शेवटी वाडीत वाटली.

शाखेतला_माणूस

वहिनी, ह्यांना सांगा तुम्ही एकटे नाही, आमच्या बँकेच्या शाखेत असे लोक येतात आणि काउंटरच्या ह्या बाजूला बसून ऐकवत नाही. एकच डोक्यात घट्ट बसवा, पैसे यायला पिन लागत नाही. कधीच नाही. क्यूआर स्कॅन करणं म्हणजे पैसे देणं. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार, समोरचा आर्मीतला असो नाहीतर साक्षात ब्रह्मदेव.

माईताई, तुम्ही ते नाव बघितलंत हे फार चांगलं केलंत, लोक बघतच नाहीत. क्यूआरच्या कागदावर वर काय छापायचं ते ज्याचं त्याच्या हातात, पण स्कॅन केल्यावर ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचं जे नाव येतं ते बँकेत नोंदलेलं असतं, २०२५ च्या जूनअखेरपासून एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) तसा नियमच केलाय. आधी लोक खात्याला स्वतःच काहीबाही नाव देऊन ठेवायचे. तर ते नाव आणि फोनवर बोलणारा माणूस यांचा संबंध काय हे विचारायचं. "आमच्या ह्यांचं खातं" हे उत्तर चालतं. "अकाउंटंटचं" हे तीन खोल्यांच्या घराला शोभत नाही.

दुसरं म्हणजे लोकांना वाटतं बँक पैसे परत फिरवेल. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक आपल्या मनाने ओढून आणू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही वगैरे, तो कुणी परस्पर तुमच्या खात्यातून काढले तर. तुम्ही फसून का होईना स्वतः पाठवलेत तर तो उपयोगी पडत नाही, म्हणून १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. ताबडतोब, रडत बसायच्या आधी. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे दुसऱ्या तिसऱ्या खात्यात पळवतात, त्याच्या आत अडवले तर वाचतात. फोन करताना हाताशी १२ आकडी यूटीआर नंबर ठेवा, व्यवहाराच्या डिटेलमध्ये असतो. मग सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार.

मोठं हॉटेल असेल, कार्ड घेत असतील, तर क्रेडिट कार्डाने भरा, तिथे निदान वाद घालायला जागा असते.

कांजूरचा_नाना

मी तो रडत बसलेला. अलिबागच्या बाजूला व्हिला, ऑफिसचे आठ जण, बुकिंग माझ्या गळ्यात कारण मी सगळ्यात हुशार ना. १२,००० भरले. मग ५,००० डिपॉझिट, चेकआउटला परत मिळणार. मग म्हणे सिस्टीममध्ये तुमचं पेमेंट मॅच होत नाहीये, तुम्हाला १७,००१ असं टाकायला लागेल म्हणजे सिस्टीम आधीचे १७,००० आपोआप परत करेल. आज लिहिताना पण लाज वाटतेय, पण त्या क्षणी काय होतं सांगू का, आधीचे अडकलेत ना, ते सोडवायला माणूस अजून घालतो. तिसऱ्यांदा भरायच्या आधी बायकोने हातातून फोन काढून घेतला म्हणून तेवढ्यावर निभावलं.

१९३० ला मी दोन दिवसांनी फोन केला कारण दोन दिवस मी त्याला फोन करत होतो. तोपर्यंत १७ मधले ३,२०० त्या खात्यात उरले होते, ते गोठवलेत. चार महिने झाले, अजून हातात आलेले नाहीत. ऑफिसात अजून कुणी पार्टी ठरली की सगळे माझ्याकडे बघतात.

मालवणचो_झील

माका पण इलेलो असो एक मेसेज. जुलयाचा पॅकेज, स्कुबा, सिंधुदुर्ग किल्लो, डॉल्फिन, सगळा चार हजारात. मी म्हटलंय अरे बाबा २६ मे ते ३१ ऑगस्ट हयसर होडये बंद असतत, किल्ल्यार माका पोहत नेतलंस काय? तर म्हणता सर आपके लिए स्पेशल परमिशन.

चिपळूणचा_पाहुणा

पोहत नेतलंस काय 😂😂 झिला, हे फ्रेम करून लावायला पाहिजे मालवण जेट्टीवर.

परळचा_चाकरमानी

धागा हॉटेलचा आहे पण रेल्वेचं पण लिहितो कारण गणपतीत आमच्या चाळीत दोन घरांना हाच फटका बसला. व्हॉट्सॲपवरचा एजंट, कन्फर्म तिकीट, माणशी हजार जास्त. पीडीएफ आली, डबा नंबर, सीट नंबर, चौघांची नावं, झकास. सावंतवाडीला जायचं होतं. शेजाऱ्याने सहज पीएनआर टाकून बघितला तर पीएनआर खरा निघाला, पण प्रवासी दोनच! कुणा दुसऱ्याच्या तिकिटावर ह्यांची नावं चिकटवलेली. गाडीत टीसीने उठवलं असतं रात्री दोन वाजता. तर नुसता पीएनआर खरा आहे का एवढं बघू नका, माणसं किती दाखवतंय आणि सीट तीच आहे का ते बघा, रेल्वेच्या १३९ या चौकशी नंबरवर पण कळतं.

आणि "तत्काळ उघडल्या उघडल्या काढून देतो" म्हणणारा तर सरळ थाप मारतोय. जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं आणि पहिला अर्धा तास अधिकृत एजंटला पण तिकीट काढता येत नाही, एसीचं दहा ते साडेदहा, बाकीचं अकरा ते साडेअकरा. आगाऊ आरक्षण पण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, म्हणून तीन महिन्यांनंतरचं कन्फर्म तिकीट आत्ता हातात देणारा कोण ते तुम्हीच ठरवा.

गाडी_काढा_आणि_निघा

बरं बाबा, घेतो मागे शब्द. एवढं असतं माहीत नव्हतं. पण मग एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं काय? ते तरी सरकारी आहे.

पालशेतची_वहिनी

आहे ना, वेळणेश्वरला आहे, गणपतीपुळ्याला आहे, तारकर्लीला आहे. पण ते पण गुगलवर नाव टाकून जे पहिलं येईल त्यावर टिचकी मारू नका, वरती जाहिरात लिहिलेलं असतं ते कुणीही पैसे देऊन लावू शकतं. पत्ता स्वतः टाइप करा, महामंडळाच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. आणि मॅपवरचा फोन नंबर म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, तिथे "बदल सुचवा" करून लोक नंबर बदलायचा खटाटोप करतात, आमच्या बाबतीत झालंय. रेटिंग बघताना नवीन आधी असं लावून वाचा, आणि पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, मालकाने टाकलेले नाही.

डोंबिवलीची_माई

मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा, स्वयंपाक आटपून बसले.

विचारलं त्याला फेरीबोटीचं. म्हणाला, "मॅडम फेरी से उतरके ऑटो मिल जाएगा, पाँच मिनट." मग मी व्हिडिओ कॉल मागितला, म्हणाला कॅमेरा खराब आहे. मग मी विचारलं बाल्कनीतून सकाळी सूर्य दिसतो का हो? म्हणाला, "हाँ मॅडम, बिल्कुल सी के ऊपर से." नवरा शेजारी बसून वाचत होता, हसायला लागला आणि स्वतःच म्हणाला ब्लॉक कर. सात वाजून पाच मिनिटांनी अजून एका नंबरवरून मेसेज आला, फायनल प्राइस ७,०००. म्हणजे दुसरी पार्टी बहुतेक आम्हीच होतो.

जीएसटीवर नंबर टाकून बघितला, जयपूरकडचं कुठलंसं कापडाचं दुकान निघालं.

मग पाहुणेदादांनी निरोपात एका घराचा नंबर दिला होता तिथे फोन लावला. तीन वेळा लागला नाही, चौथ्यांदा एका आजींनी उचलला आणि मी काही विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं, म्हातारी माणसं किती, जिना चढतील का, नाहीतर खालची खोली ठेवते. मग मासे खाणारे किती, मंगळवार-गुरुवार कोण पाळतं, मुलांना कमी तिखट लागतं का. रेट २,२०० सांगितला, एसी एकाच खोलीला. पैसे किती पाठवू विचारलं तर म्हणाल्या मुलाला विचारते, तो दुकानात गेलाय. रात्री मुलाने व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं, अंधारात काही दिसलं नाही म्हणा, एक मांजर दिसलं आणि विहिरीचा रहाट दिसला. २,००० पाठवले, ॲपमध्ये त्याचंच नाव आलं.

शाखेतला_माणूस

छान. त्या दोन्ही नंबरांची चक्षूवर तक्रार टाका, दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर आहे, पैसे गेले नसले तरी टाकता येते. आणि ते इन्स्टाचं पेज रिपोर्ट करा.

डोंबिवलीची_माई

पेज रिपोर्ट केलं, नणंदेकडून पण करून घेतलं, तिला तेवढीच शिक्षा. चक्षूचं उद्या करते.

कांजूरचा_नाना

माई, त्या आजींचा नंबर मिळेल का? ऑफिसवाले डिसेंबरमध्ये परत म्हणतायत आणि बुकिंग परत माझ्याच गळ्यात आहे.

चिपळूणचा_पाहुणा

इथे उघड्यावर नंबर टाकू नका कुणी. नाना, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि फोन तीन वेळा लागणार नाही, चौथ्यांदा लावा.